दीड टक्का!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये एक चक्कर मारा. एकच जर्नल चार खोल्यांतून फिरत असतं आणि 'रीडिंग जुळवणे' हा कार्यक्रम जोरात चालू असतो. जे रीडिंग ग्राफच्या रेषेवर बसत नाही, ते खोडरबराने बसवलं जातं. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "अरे, दोन टक्क्यांनी काय फरक पडतो?"

मित्रांनो, पडतो. १९८८ साली जर्मनीत युलिश इथे पीटर ग्रुनबर्ग लोखंडाच्या दोन पातळ थरांमधून करंट सोडत होते. मध्ये क्रोमियम, जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. दोन्ही थरांचं चुंबकत्व एका दिशेला असलं की रोध कमी, विरुद्ध असलं की जास्त. कारण इलेक्ट्रॉनला धक्के किती बसणार हे त्याच्या स्पिनवर आणि थराच्या चुंबकत्वाच्या दिशेवर ठरतं. नेहमीच्या तापमानाला हा फरक किती होता? सुमारे दीड टक्का!

त्याच वर्षी पॅरिसजवळ आल्बेर फेर यांच्या गटाने असे कित्येक थर एकावर एक रचले. ४.२ केल्विनला चुंबकीय क्षेत्रात रोध जवळपास निम्म्यावर आला. १९९७ मध्ये आयबीएमने याच तत्त्वाचं रीड हेड बसवून १६.८ जीबीची हार्ड डिस्क आणली. २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तो दीड टक्का आपल्या लॅबमध्ये असता तर? 'एक्स्पेरिमेंटल एरर' म्हणून खोडला गेला असता!

कॉन्टॅक्टचंही तेच. फोर-प्रोबचा प्रयोग आपण करतो. बाहेरच्या दोन सुयांतून करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज. का? कॉन्टॅक्टचा रोध मापात येऊ नये म्हणून. व्हायवात हे किती जण सांगतात? १९९१ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात थरांच्या आरपार करंट सोडायचा होता. तिथला रोध इतका सूक्ष्म, की कॉन्टॅक्टसाठी निओबियमच्या अतिवाहक पट्ट्या वापराव्या लागल्या. म्हणजे तार कुठे आणि कशी टेकवली, हाच अर्धा प्रयोग असतो.

सर, मॅडम, एक विनंती. रेषेबाहेरचं रीडिंग जसंच्या तसं लिहून 'असं का आलं' हे सांगणाऱ्याला मार्क द्या. तो ग्राफ दिसायला वाईट असेल, पण खरा असेल. आज मार्क जातात ते खरं लिहिणाऱ्याचेच. मग मुलं खोडरबर घेणार नाहीत तर काय करणार?

आणि दोस्तहो, पुढच्या प्रॅक्टिकलला निदान एक तरी रीडिंग स्वतःचं घ्या.