रायटर दोन घ्या, घरं तीन ठेवा

परवा वस्तीतल्या वाचनालयात पोरांची मीटिंग झाली. जलशांच्या कॅसेटी, मोर्च्यांचे फोटो, अनियतकालिकांचे फाटके अंक, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून घेतलेल्या हकिगती. सगळं आता कॉम्प्युटरवर उतरवून झालंय. भरलं दीड टेराबाइट. हे डिस्कवर घ्यायचं तर रायटर कुठला आणायचा? एक म्हणाला, 'स्वस्तातला आण.' दुसरा म्हणाला, 'हजार वर्षं टिकणाऱ्या डिस्क मिळतात, त्या आण. विषय संपला.'

विषय संपत नाही दोस्तांनो. म्हणून हे लिहितोय.

आधी माझी फजिती ऐका. 2006 साली मी मामाच्या गाण्यांच्या चौदा कॅसेटी सीडीवर घेतल्या. दुकानदाराने सुट्ट्या, बिननावाच्या सीडी दिल्या. मी त्या फुल स्पीडला मारल्या, वर कागदी स्टिकर चिकटवले आणि पत्र्याच्या खोलीत ठेवून दिल्या. कॅसेटी? 'आता कशाला' म्हणून भंगारात! 2011 साली मामा गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याचा आवाज लावायला बसलो, तर चौदांतल्या पाच वाजल्या. बाकीच्या मशीनमध्ये नुसत्या घरघरत राहिल्या. मामाचा आवाज कुण्या वैऱ्याने नाही दाबला. मी दाबला. अक्कल न वापरता मशीन हातात घेतलं म्हणून.

कारण साधं आहे. लिहिता येणाऱ्या सीडीत एक सेंद्रिय रंग असतो. लेसरने तो बदलतो, तीच अक्षरं. ऊन, उकाडा, दमट हवा लागली की रंग उतरतो. भिंतीवरच्या घोषणेसारखंच. चार पावसाळे गेले की पुसट.

म्हणून आता ब्ल्यू-रे. पण तिथेही दोन जाती आहेत (जात इथेही सुटत नाही!). पाकिटावर 'एलटीएच' लिहिलेलं असेल तर आत पुन्हा तोच सेंद्रिय रंग. ती घेऊ नका. दुसरी एचटीएल, तिच्यात असेंद्रिय थर असतो, ती दमाची. आता हिशोब करा. दीड टेराबाइट 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर घ्यायचं तर तीनशेवीस डिस्क लागतील. 25 जीबीच्या ब्ल्यू-रेवर साठ. 100 जीबीच्या बीडीएक्सएलवर फक्त पंधरा. पंधरा ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण 100 जीबीच्या डिस्कला तीन थर असतात आणि ती वाचायला बीडीएक्सएलवालाच रायटर लागतो. एक डिस्क गेली तर 100 जीबी एका फटक्यात जातं. माझं मत, 25 जीबीच्या साठ डिस्क घ्या. रायटर मात्र बीडीएक्सएल चालणारा घ्या, उद्या कुणी तशी डिस्क आणून दिली तर वाचता यावी.

लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा पातळ रायटर झोळीत मावतो, पण करंट कमी पडला की अर्ध्यात डिस्क वाया. रोज दहा डिस्क मारायच्या तर कॅबिनेटात बसणारा मोठाच घ्या.

आता त्या हजार वर्षांचं. एम-डिस्क काढणाऱ्या मिलेनियाटा कंपनीने हजार वर्षांचा वायदा केला आणि 2016 साली ती स्वतःच बुडाली. डिस्क खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण हजार वर्षं ती वाचणार कशावर? इंग्लंडात 1086 साली राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करून एक बाड लिहून घेतलं. ते आजही वाचता येतं. त्याच्या नऊशे वर्षांनिमित्त 1986 साली बीबीसीने देशभरातून माहिती जमवून लेसरडिस्कवर घातली. वीस वर्षं व्हायच्या आत ती वाचणारी मशीनं दुर्मिळ झाली आणि माहिती सोडवून घ्यायला तज्ज्ञ बसवावे लागले. डिस्क मेली नव्हती. मशीन मेलं होतं!

तीच वेळ आपल्यावर येतेय. पॅनासॉनिकने 2023 साली आणि सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं बंद केलं. नफा संपला, दुकान बंद. भांडवलदाराला आपल्या आठवणींशी काय देणंघेणं? म्हणून रायटर एक नाही, दोन घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाने लिहा, दुसऱ्याने वाचून बघा. एकाच मशीनला स्वतःचं लिहिलेलं वाचता येत असेल, तर ते काही प्रमाण नव्हे. आणि एक पेटीत जपून ठेवा, नंतर वाचायला.

प्रत्येक फाईलचा चेकसम काढून यादी करा. चेकसम म्हणजे फाईलचा अंगठा. आपल्या आज्यांचे अंगठे सावकाराने कोऱ्या कागदावर घेतले. हा अंगठा आपण आपल्यासाठी घ्यायचा. दरवर्षी एकदा डिस्क लावून अंगठे जुळवायचे. जुळला नाही की दुसऱ्या प्रतीवरून लगेच नवी डिस्क मारायची. फुल स्पीडचा मोह नको. स्टिकर नको. आणि मूळ कॅसेट भंगारात तर कधीच नको!

कुणी म्हणेल, क्लाउडवर टाका की. टाका. पण ती दुसऱ्याच्या वाड्यातली कोठी आहे. भाडं थकलं की माल रस्त्यावर. हार्डडिस्कही ठेवा, पण ती पडते, अडकते, आणि कुणीही बसून पुसू शकतो. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर लिहिलं ते कुणाच्या बापाला खोडून बदलता येत नाही. फार तर फोडेल. म्हणून तीन प्रती, तीन घरांत. एक शहरात, एक गावाकडे, एक पोरीच्या सासरी. पत्र्याखाली नाही, उन्हात नाही. डब्यात, उभ्या.

इंग्रजीत याला डिस्क 'जाळणं' म्हणतात. जाळणं आपल्याला नवं नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, ती संपवण्यासाठी. आता जाळायचं ते टिकवण्यासाठी. पण टिकवणारी डिस्क नसते. टिकवणारा दरवर्षी पेटी उघडणारा हात असतो.

तो हात कुणाचा, हे येत्या रविवारी मीटिंगमध्ये ठरवू. रायटरचे पैसे तोवर जमवा.