पट्ट्यांचे मोजे

यंत्र आले की कारागिरी लयास गेली, असे सरसकट म्हणण्याचा प्रघात आहे. असे म्हणणाऱ्याने पायमोजे विणणाऱ्या गोल हातयंत्रापाशी घटकाभर उभे राहावे.

वाद जुना आहे. इंग्लंडातील विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र रचले, तेव्हा हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली, अशी आख्यायिका आहे. पुढे १८११ पासून नॉटिंगहॅम परगण्यात अशी यंत्रे फोडली गेली. पण फोडणारे त्याच यंत्रांवर राबणारे विणकर होते. त्यांचा रोष मुख्यतः तुटपुंज्या मजुरीवर आणि धंद्याचे नाव घालवणाऱ्या हलक्या मालावर होता.

गोल यंत्राची करामत सुईत आहे. तिच्या आकड्याशी उघडझाप करणारी चिमुकली खिटी असते. अशा साठ-सत्तर सुया उभ्या नळकांड्याच्या खाचांत बसवतात. मूठ फिरवली की त्या एकामागून एक वर जातात, सूत पकडतात आणि जुन्या टाक्यातून नवा टाका ओढीत खाली येतात. वजन टांगलेली विणीची नळी खाली उतरत जाते. एवढे काम यंत्राचे.

रंग मात्र त्याला कळत नाही. तांबड्या पट्ट्याचे फेरे मोजायचे, थांबायचे, पिवळे सूत जोडायचे, हे माणसाने करावयाचे. त्यातच वीण मळसूत्रासारखी चढत असल्याने पट्ट्याची दोन टोके एका रेषेत मिळत नाहीत, पायरी पडते. जाणता विणकर ही पायरी पायाच्या मागच्या बाजूस ठेवतो. तिथे सहसा कोणाची दृष्टी जात नाही.

खरी परीक्षा टाचेची. तेथे निम्म्या सुया उचलून बाजूस ठेवाव्या लागतात आणि मूठ पुढे-मागे हलवावी लागते. अंतराअंतराने निरनिराळे रंग दिलेले सूत वापरले असेल, तर या आखूड ओळींत तेवढ्याच लांबीचे सूत अधिक ओळी भरते, आणि नाजूक पट्टा एकाएकी जाडजूड होतो. म्हणून काहीजण टाचेला निराळे सूत लावतात. दुसरा मोजा जोडीचा हवा असेल, तर तो रंगाच्या नेमक्या त्याच ठिकाणापासून सुरू करावा लागतो, हा व्याप वेगळाच!

अखेर बोटांकडचे उघडे तोंड बोथट सुईने, टाक्याला टाका मिळवीत, हातानेच मिटवायचे असते. तेवढा वेळ यंत्र स्वस्थ उभे असते.