दार वाजवूनच आत यावे

आमची एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात भेटायला आली. लग्नाला चार वर्षे झाली, अजून मूल नाही. घरात तिच्यात आणि सासूबाईंत मिळून एकच मोबाईल. एका रात्री तिने त्यावर उपचारांची माहिती वाचली आणि हिस्ट्री पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नानखटाईची कृती उघडली, तर मधोमध वंध्यत्वावरील उपचारांची जाहिरात! "आपा, मी तर सगळं पुसलं होतं," असे म्हणताना तिचे डोळे भरून आले. आम्ही काय सांगणार? आम्हीही आजवर तसेच पुसत होतो.

मग आम्ही वाचायला बसलो. जे कळले ते असे. आपण एखादे पान उघडतो तेव्हा त्याबरोबर जाहिरात कंपन्यांचे तुकडेही उघडतात. ते आपल्या मोबाईलमध्ये कुकी नावाची एक खूणचिठ्ठी ठेवतात. तीच कंपनी दुसऱ्या पानावर असली की चिठ्ठी पाहून ओळखते, काल उपचार शोधणारा मोबाईल हाच. हिस्ट्री ही आपल्याकडची यादी. ती फाडली म्हणून त्यांची वही कोरी होत नाही.

"मग इन्कॉग्निटो वापरावे का?" असे पुष्कळजण विचारतात. वापरावे, पण ते काय करते हे जाणून. खिडकी बंद केली की ते त्या वेळची हिस्ट्री आणि कुकी ठेवत नाही. घरातल्यांपासून आडोसा मिळतो. वेबसाइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मात्र आपण दिसतोच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली गुगलवर दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गुगलने मान्य केले.

म्हणून ब्राउझर निवडताना दोन प्रश्न विचारावेत. याचे पोट कशावर भरते? आणि आपण एकही सेटिंग न बदलता हा आपले किती राखतो?

क्रोम गुगलचा आहे आणि गुगलची मोठी कमाई जाहिरातींची. बाहेरच्या कंपन्यांच्या कुकी दोन वर्षांत बंद करू, असे गुगलने २०२० मध्ये जाहीर केले होते. जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. आयफोनवरच्या सफारीने मात्र मार्च २०२० पासूनच अशा कुकी अडवल्या. फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. २०१९ पासून तो ओळखीच्या पाळतखोर कुकी आपणहून अडवतो. पण त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलकडूनच येतो, सर्च आधीपासून गुगलचे ठेवण्याबद्दल. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन सर्च बदलून डकडकगो करावे. ब्रेव्ह जाहिराती आणि पाळत दोन्ही सुरुवातीपासून अडवतो. तरी २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटच्या पत्त्यांना आपला कमिशनचा कोड जोडताना तो पकडला गेला. कंपनीने चूक कबूल करून ते बंद केले. यात पूर्ण निर्दोष कोणी नाही. पण कोण कमी ताकतो, हे निवडणे आपल्या हाती आहे.

आम्ही स्वतः अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेतला आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे फुकटचे ॲड-ऑन बसवले. दहा मिनिटांचे काम. आजार, औषध, कर्ज असे काही शोधायचे तर त्यातच प्रायव्हेट खिडकी उघडतो आणि कुठेही लॉगिन करत नाही. लॉगिन केले की आपण आपले नाव स्वतःच सांगितले. मग कोणताही ब्राउझर काय करणार?

"आपण काही वाईट करत नाही, मग लपवायचे काय?" असे म्हणणारेही भेटतात. त्या मुलीने तरी काय वाईट केले होते? दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये, हे आपण मुलांना बोलता येऊ लागताच शिकवतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही एकमताने सांगितले, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

तिच्या मोबाईलवरही आम्ही हेच बसवून दिले, जुन्या कुकी पुसल्या. निघताना तिने विचारले, "आता सासूबाईंना काही दिसणार नाही ना?" जाहिरात बहुधा दिसणार नाही, आम्ही म्हणालो. पण घरात एकीला आपल्या दुखण्याबद्दल चोरून वाचावे लागते, त्यावर ब्राउझरकडे इलाज नाही. तो घरातल्या मोठ्यांकडेच आहे. सुनेच्या हातातला मोबाईल मागण्याआधी आपणही एकदा दार वाजवावे.