गोलकीपरला शिक्षा झाली, मैदानाचं काय?

५ डिसेंबर २००४. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोचा २५ वर्षांचा ब्राझिली स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर आपला दुसरा गोल मारताना गोलकीपर सुब्रत पालवर आदळला. बॉल जाळ्यात गेला आणि ज्युनियर कोसळला, तो उठलाच नाही. धेंपोनं कप जिंकला, पण त्या कपाची आठवण कुणी आनंदानं काढत नाही. क्लबनं त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

मग राग निघाला तो सुब्रतवर. दोन महिन्यांची बंदी. पुढे तो पुणे एफसीकडून खेळायला आला, देशाचा नंबर एकचा गोलकीपर झाला. तरी बालेवाडीला मॅच बघताना आमच्या शेजारची मोठी माणसं ‘तो ज्युनियरवाला’ अशीच त्याची ओळख करून द्यायची. मला हे तेव्हाही पटत नव्हतं. गुन्हेगार सापडला की आपले प्रश्न संपतात.

प्रश्न संपले नव्हतेच. मार्च २०१२ मध्ये त्याच बंगळुरूत डी. व्यंकटेश हा खेळाडू लीगच्या मॅचमध्ये कोसळला. या वेळी टक्कर नाही, गोलकीपर नाही. ॲम्ब्युलन्सही नाही! त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला नाही.

आता २०२१ चा युरो कप आठवा. डेन्मार्कचा एरिक्सन असाच कोसळला. सहकारी आणि डॉक्टर लगेच धावले, छाती दाबायला सुरुवात झाली, हृदयाला शॉक देणारं यंत्र मैदानावरच होतं. तो आजही खेळतोय. कुणी म्हणेल, त्याची वेळ आली नव्हती. असेल. पण यंत्र तिथे कुणीतरी आधी आणून ठेवलं होतं ना? हृदय थांबल्यावर शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपल्या कोंढव्यातून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्सला किती मिनिटं लागतात, याचा हिशेब तुम्हीच करा.

रमजानच्या रात्री आपल्याकडे टुर्नामेंट होतात. फ्लडलाइट, डीजे, पुढाऱ्याचे फ्लेक्स, माणसाएवढी ट्रॉफी. प्रथमोपचाराची पेटी मागितली तर आयोजक स्प्रे पुढे करतो. मित्रांनो, एन्ट्री फी भरताना आपण विचारायला हवं: गाडी कुठे उभी आहे? छाती दाबता येणारी दोन माणसं कोण? मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, थांबायचं नाही, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. एका दुपारीत शिकता येतं. मोहल्ल्यात डॉक्टर पोरं-पोरी कमी नाहीत, बोलावलं तर येतात. आमच्या टीमनं ठरवलंय, याचं उत्तर मिळाल्याशिवाय यंदा फी भरायची नाही. दोन आयोजक चिडलेत. तिसऱ्यानं ॲम्ब्युलन्सचं भाडं विचारून घेतलंय.