‘असूनही’ हा शब्द खोडा

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. हिंजवडीत आमच्या शेजारच्या गल्लीत राहणारी एक मुलगी रविवारी सकाळी लिफाफा घेऊन घरी आली. तिचे अब्बू आयटी पार्कमधल्या एका कंपनीसाठी रात्रपाळीची कॅब चालवतात, अम्मी घरी शिलाईकाम करतात. मुलगी बारावी सायन्सला. परदेशातल्या दोन-तीन विद्यापीठांत पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा तिने ठरवलं होतं. म्हणाली, “चाचा, कॉलेजातून शिफारसपत्र मिळालंय. जरा बघता का?”

पत्र चार ओळींचं होतं. मुलगी आज्ञाधारक, कष्टाळू आणि सुस्वभावी आहे. मुस्लिम समाजातील असूनही तिला शिक्षणाची आवड आहे. तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. खाली सही, शिक्का.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी कौतुकच केलं होतं. पण त्या ‘असूनही’मध्ये एक अख्खा समाज अडाणी ठरला होता आणि मुलगी त्याला अपवाद. शिवाय मुलगी नेमकी कशी आहे, हे चारही ओळींत कुठेच नव्हतं. नाव बदललं असतं तर तेच पत्र वर्गातल्या कुणालाही चाललं असतं.

यात एकट्या शिक्षकांचा दोष नाही. आपल्याकडे प्रवेश मिळतो तो सीईटी, जेईई, नीटच्या गुणांवर. विद्यार्थ्याबद्दल शाळेने काही लिहायची वेळच येत नाही. फार तर बोनाफाईड द्यायचं, नाहीतर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक: चांगली’ असं भरायचं. सारी शिफारसपत्रं त्याच साच्यातून निघतात.

बाहेर मात्र या कागदाला वजन आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी ‘कॉमन ॲप’वर अर्ज करताना शाळेच्या समुपदेशकाचं पत्र, शाळेची माहिती देणारा अहवाल आणि अनेक ठिकाणी विषयशिक्षकांची पत्रंही मागतात. ब्रिटनच्या ‘यूकॅस’ने 2024च्या प्रवेशांपासून शिफारशीचे तीन भाग केले आहेत: शाळेविषयी माहिती, विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम करणारी परिस्थिती आणि इतर उपयुक्त गोष्टी. मुलगी कुठल्या जमिनीवर उभी राहून एवढी उंच झाली, हे त्यांना समजून घ्यायचं असतं. ‘आज्ञाधारक’ या शब्दातून त्यांना काहीच कळत नाही.

आता हिंजवडीकडे बघा. आयटी पार्कच्या आसपासच्या महागड्या शाळांत यासाठी पगारी समुपदेशक असतात. ते नववीपासून मुलांच्या नोंदी ठेवतात. त्याच रस्त्यावरच्या साध्या ज्युनिअर कॉलेजात असं पदच नसतं. साहेबाच्या मुलाला दोन पानी पत्र मिळतं आणि त्याच साहेबाला घरी सोडणाऱ्या ड्रायव्हरच्या मुलीला चार ओळी. केंद्र सरकारने 2022 मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-अनुदान देणारी ‘पढो परदेश’ योजनाही थांबवली. अशा वेळी विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती हाच आपल्या मुलांपुढचा मोठा मार्ग उरतो. तिथे हे पत्र बोलतं.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा एक शाळकरी मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेत भरला. 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 1913 मध्ये ते कोलंबियाला गेले. पुढे त्यांच्या लंडनमधल्या शिक्षणासाठी प्रा. सेलिग्मन यांनी तिथल्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. प्रतिभा बाबासाहेबांची होतीच. पण दार उघडताना आतल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. केळुसकर ते सांगू शकले, कारण त्यांनी त्या मुलाला वाचताना पाहिलं होतं.

चांगल्या पत्राचं मर्म हेच आहे. विशेषणं कमी करा, पाहिलेला प्रसंग लिहा. ‘हुशार’ म्हणण्याऐवजी तिने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कुठे चुकली, चूक कशी सुधारली ते सांगा. समुपदेशकाने किंवा प्राचार्यांनी शाळेचं चित्र द्यावं: वर्गात किती मुलं, प्रयोगशाळा कशी, या मुलीच्या आधी घरातलं कुणी कॉलेजात गेलं होतं का. घरची अडचण लिहायची असेल तर आधी मुलीला विचारा. तिची गरिबी ही तिची खासगी गोष्ट आहे. लिहाल तेव्हा वस्तुस्थिती म्हणून लिहा, दया म्हणून नको. खोटं तर अजिबात लिहू नका, एका फुगवलेल्या पत्रामुळे पुढच्या मुलांची पत्रंही संशयाने वाचली जातात.

“तूच लिहून आण, मी सही करतो,” ही आपल्याकडची रीतही सोडायला हवी. सतरा वर्षांचं पोर स्वतःबद्दल काय लिहिणार? ते नेटवरून उतरवून आणतं. शिक्षक म्हणतील, वर्गात ऐंशी मुलं, वेळ कुठून आणू? तक्रार खरी आहे. अमेरिकेतल्या समुपदेशकांची संघटना 250 मुलांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. आपल्याकडे शाळेला एक मिळाला तरी नशीब. यावर उपाय एवढाच की मुलांनी महिनाभर आधी जावं, आपण काय केलं, काय शिकलो याचं एक पान लिहून द्यावं. ते पान शिक्षकाच्या आठवणीला टेकू म्हणून असावं. पत्र शिक्षकाचंच असावं.

आम्हीही तेच केलं. ती केमिस्ट्रीच्या मॅडमना भेटली. मॅडमना एक दिवस आठवला. टायट्रेशनची रीडिंग जुळत नव्हती, बाकीच्यांनी अपेक्षित आकडा लिहून वह्या दिल्या होत्या. ही मुलगी प्रयोग तीनदा करत बसली आणि शेवटी तिसऱ्यांदा चुकलेलंच रीडिंग प्रामाणिकपणे लिहून, चूक कुठे झाली असावी ते खाली नोंदवलं. मॅडमनी तेवढंच लिहिलं. एक पान भरलं. धर्माचा उल्लेख नव्हता, त्याची गरजही पडली नाही.

निकाल यायचा आहे. प्रवेश मिळेल न मिळेल, अल्लाह जाणे. पण ते पत्र वाचताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडमनी हे बघितलं होतं, मला माहीतच नव्हतं.”

आपल्या मोहल्ल्यांत दर जूनमध्ये गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं. ते होऊ द्या. पण हिंजवडीच्या कंपन्यांत आता आपलीही बरीच माणसं काम करतात. त्यातल्या प्रत्येकाने वर्षाला एका मुलाबरोबर त्याच्या शिक्षकाकडे जावं, शेजारी बसावं. आणि पत्रात ‘असूनही’ दिसलं तर अदबीने म्हणावं: सर, एवढा एक शब्द खोडा, आणि त्या जागी तुम्ही जे पाहिलं ते लिहा.