यंदा घालू की पुढच्या वर्षी?

पूर्वी बरं होतं! आजोबा नातवाला शाळेत घेऊन जायचे. ‘जन्म कधीचा?’ म्हणून मास्तर विचारायचे. ‘थोरल्या पुरानंतरचा,’ असं उत्तर आलं, की मास्तर बिनदिक्कत १ जून लिहून मोकळे! म्हणून तर मागच्या पिढीत १ जूनचे वाढदिवस पैशाला पासरी. आता जन्माचा दाखला लागतो, आणि एका तारखेपायी आईची झोप उडते.

कऱ्हाडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी ९ डिसेंबरची. येत्या जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांची होईल. शाळा घ्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, वर्ष फुकट कशाला घालवायचं? यजमानांची नोकरी बदलीची. काय करू?

बाई, तुमची मुलगी एप्रिल-मेमधली असती, तर हा प्रश्नच पडला नसता. शाळा उघडताना तीन पुरी झाली असती. २०२० साली आपल्या राज्यात वयाची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेली, म्हणून तुमची लेक नियमात बसते. पण नियमात बसते म्हणजे घातलीच पाहिजे, असं नाही. त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलं असतील, म्हणजे अकरा महिन्यांनी मोठी. अडीच वर्षांच्या पोरीला अकरा महिने म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा!

माझीच गोष्ट सांगते. माझा धाकटा डिसेंबरचा. मी हौसेनं लवकर घातला. तिसरीपर्यंत तो वर्गात सगळ्यांच्या मागे. ‘लक्ष नाही, मंद आहे,’ असं ऐकून मीही त्याला रागावले, दोनदा हातही उचलला. पोर मंद नव्हतं हो, नुसतं लहान होतं. ते शल्य अजून आहे.

तेव्हा लेकीकडे पाहा. शू-शी सांगते का? आपल्या हातानं चार घास खाते का? तुमच्याशिवाय दोन तास रमते का? परक्या बाईंना तिचं बोलणं कळतं का? दोन-तीन उत्तरं ‘नाही’ आली, तर थांबा.

आणि यजमानांना एक व्यवहाराची गोष्ट सांगा. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात. आत्ता घातलीत, तर पहिलीला ती साडेपाचाची असेल. त्या सुमारास परराज्यात बदली झाली, की तिथं दार बंद. थांबलात, तर ही अडचण नाही. पुढच्या वर्षी वय जास्त ठरणार नाही ना, एवढं मात्र शाळेत आधी विचारून ठेवा.

अर्थात घरी सांभाळायला कुणी नसेल, किंवा पोरगीच दप्तर घेऊन दारात उभी राहत असेल, तर खुशाल पाठवा. मात्र पुढं ती मागं पडली, तर तिचं वय आठवा आणि मगच बोला.

वर्ष फुकट जात नाही, हे सासूबाईंना पटवा. ताराबाई मोडकांनी बोर्डीला मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली होती. तुमच्याही घरी मटार सोलणं, रुमालाच्या घड्या, वाट्या लहानमोठ्या लावणं आणि रात्री आजीची गोष्ट, एवढं रोज होऊ द्या. आजीलाच बाई करा, म्हणजे त्यांचीही तक्रार राहणार नाही!