बर्फातले रक्त आणि समीक्षेचे रंगांधळेपण

जपानी चित्रपटातील मारेकरी स्त्रीविषयी जे लिहिले जाते त्यात 'शैली' हा शब्द इतक्या वेळा येतो, की विश्लेषण टाळण्याची ती सबब असावी असा संशय घेण्यास जागा उरते. पांढरा बर्फ, तांबडे रक्त, छत्रीच्या दांड्यातून उपसली जाणारी तलवार, जखमेतून कारंज्यासारखा उडणारा फवारा, एवढी यादी दिली की 'येथे शैलीने आशयाला गिळले आहे' असा निर्वाळा देण्यास समीक्षक मोकळा होतो. प्रशंसकही हेच म्हणतात आणि निंदकही. फरक एवढाच, की एकाला ते गिळणे रुचते आणि दुसऱ्याला रुचत नाही. घाट एका पारड्यात व आशय दुसऱ्या पारड्यात टाकून तोलण्याची ही सवय मराठी समीक्षेला कलावाद-जीवनवादाच्या दिवसांपासून परिचित आहे. परक्या कलाकृतीपुढे तर ती अधिकच निर्धास्त होते, कारण तेथे आशय ठाऊक नसणे हे आशय नसण्याचे प्रमाण म्हणून खपून जाते.

तोशिया फुजिता यांचा 'लेडी स्नोब्लड' (1973) हा या चर्चेतला हुकमी दाखला. तोच तपासावा. काझुओ कोइके यांनी लिहिलेल्या व काझुओ कामिमुरा यांनी चितारलेल्या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. नायिका युकी (या नावाचा अर्थच 'बर्फ') तुरुंगात जन्मते. तिच्या आईच्या पतीची आणि मुलाची चौघांनी हत्या केलेली असते. त्या चौघांपैकी एकाला आई स्वतः ठार करते व जन्मठेपेवर जाते. उरलेल्या तिघांसाठी तिला मूल हवे असते. ते मिळावे म्हणून ती तुरुंगातल्या पुरुषांना जवळ करते आणि मुलीला जन्म देऊन मरते. एवढ्यावर थांबले तर ही एक भडक सूडकथा होय. बहुतेक विवेचने एवढ्यावरच थांबतात.

पतीला मारण्याचे निमित्त काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जानेवारी 1873 मध्ये मेइजी शासनाने सक्तीच्या सैन्यभरतीचा हुकूम काढला. त्याआधीच्या घोषणेत या सेवेला 'रक्तकर' असा शब्द योजला होता. मूळचा तो फ्रेंच अलंकार, परंतु खेड्यापाड्यांतून तो अक्षरशः घेतला गेला. सरकार तरुणांचे रक्त काढून नेणार अशी अफवा उठली आणि ठिकठिकाणी दंगे पेटले. 270 येन भरणाऱ्याला भरतीतून सूट होती, म्हणजे हा कर पडला तो ज्यांच्याकडे रक्ताखेरीज दुसरे काही नव्हते त्यांच्यावर. चित्रपटातील चौघे भामटे याच भीतीचे भांडवल करून गावकऱ्यांकडून सुटकेच्या आमिषाने पैसे उकळतात. गावात नव्याने येणारा शाळामास्तर त्यांच्या तावडीत सापडतो. त्याच्या अंगावर पांढरे कपडे असतात, आणि पांढऱ्या कपड्यांतला माणूस म्हणजे भरतीसाठी आलेला सरकारी माणूस असा लोकांचा समज असतो. तेवढ्या पांढऱ्या रंगापायी तो मारला जातो.

हे ध्यानात घेतले म्हणजे चित्रपटाची सारी रंगयोजना वेगळी दिसू लागते. पांढऱ्यावरचे तांबडे प्रथम दिसते ते या मास्तराच्या सदऱ्यावर, कर वसूल करणाऱ्या शासनाच्या समजल्या गेलेल्या वस्त्रावर. युकीचा पांढरा किमोनो आणि बर्फावरचे रक्त ही त्या प्रतिमेची पुढली रूपे होत. अखेरचा सूड रोकुमेइकानच्या नृत्यसमारंभात घडतो. पाश्चात्य पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी 1883 मध्ये उभारलेल्या या वास्तूत, आता शस्त्रांचा व्यापारी बनलेला शेवटचा गुन्हेगार जपानी ध्वजाला कवटाळून कोसळतो. पांढऱ्या कापडावरचे तांबडे येथे राष्ट्रचिन्हाशी एकरूप होते. ज्याला 'निव्वळ शैली' म्हणून बाजूला सारले जाते तेच या संहितेचे आशयसूत्र आहे. ते संवादांत सांगितले गेलेले नाही, एवढाच काय तो त्याचा अपराध.

मूळ जपानी शीर्षकाकडेही समीक्षेने पाहिलेले दिसत नाही. हिमगौरीच्या परीकथेला जपानीत 'शिरायुकिहिमे' म्हणतात. चित्रपटाचे नाव आहे 'शुरायुकिहिमे'. एका स्वराच्या पालटाने 'शुभ्र'च्या जागी 'शुरा' आला, आणि हा शुरा म्हणजे संस्कृतातला असुर, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला. बौद्धांच्या सहा गतींपैकी एक गती असुरांची, अखंड युद्धाची. युकीला लहानपणापासून बजावले जाते, की ती मानवाची नव्हे, या गतीची संतती आहे. शासन मुलग्यांकडून रक्तकर घेते, आई मुलीकडून. ज्यांना युकीत 'मुक्त स्त्री' दिसते त्यांनी या हिशेबाचे काय करायचे ते सांगावे. जिच्या गर्भधारणेपूर्वीच तिचे काम ठरलेले आहे, तिच्या हातात तलवार आहे एवढ्यावरून ती स्वतंत्र ठरत नाही.

या अंधत्वाची सैद्धांतिक वंशावळ शोधणे कठीण नाही. रोलाँ बार्थ यांनी 1970 मध्ये जपानला चिन्हांचे साम्राज्य म्हटले. आपण रंगवतो तो देश कल्पित आहे, अशी कबुली त्यांनी आरंभीच दिली होती. अनुयायांनी कबुली गाळली व साम्राज्य ठेवले. पुढे क्वेंटिन टॅरँटिनोच्या 'किल बिल'ने (2003) फुजितांच्या चित्रपटातून बर्फातले द्वंद्व घेतले, प्रकरणांची रचना घेतली, मेइको काजी यांच्या आवाजातले गाणेही घेतले. भरतीचे दंगे तेवढे घेतले नाहीत. तेथील सूड सर्वस्वी खाजगी आहे. कलावंताने हवे ते उचलावे, त्याला कोणी अडवू नये. परंतु समीक्षक जेव्हा नकलेतल्या उणिवेवरून मुळाची व्याख्या करतो तेव्हा कालक्रमाचे साधे भानही सुटलेले असते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ही चित्रकथा पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात प्रसिद्ध होत होती, आणि त्या काळातील जपानी स्टुडिओंनी स्त्रीदेहाची व तिच्यावरील अत्याचाराची विक्री उघडपणे केली. शुन्या इतो यांच्या 'स्कॉर्पियन' (1972) या तुरुंगपटात ती जागोजाग जाणवते. लॉरा मल्व्ही यांचा पुरुषी नजरेचा सिद्धांत येथे लागू पडतो. अडचण आहे ती तो लावून झाल्यावर थांबण्याची. याच चित्रपटात प्रियकर पोलिसाने नायिकेचा कौमार्यभंग केल्यावर शुभ्र चादरीवर उमटलेला डाग पसरत पसरत राष्ट्रध्वजाच्या सूर्यबिंबाचा आकार घेतो. ही प्रतिमा नजरेला सुखावणारी नव्हे. बघ्यालाच ती या व्यवहाराचा भागीदार ठरवते. मेइको काजी यांनी ही भूमिका जवळजवळ मुक्याने केली, आणि त्यांचे रोखलेले डोळे या मालिकेत संवादांहून अधिक बोलतात. बाजारू चित्रपटाच्या पोटात हे घडले म्हणून ते घडलेच नाही असे धरायचे काय?

सेइजुन सुझुकी यांच्या 'पिस्तूल ऑपेरा'विषयी (2001) शैलीवाद्यांचे म्हणणे बरेचसे मान्य करावे लागेल. क्रमांक लावलेल्या मारेकऱ्यांत तिसरी असलेली नायिका तेथे रंगमंचासारख्या रचित अवकाशांतून वावरते, आणि इतिहासाचा धागा शोधू जाता फारसा हाती लागत नाही. ज्या दिग्दर्शकाला त्याचे चित्रपट कळत नाहीत म्हणून 1968 मध्ये निक्कात्सु कंपनीने काढून टाकले, त्याने उतारवयात न कळण्याचाच उत्सव मांडावा, हे त्यालाच शोभते. परंतु 2001 ची ही कसोटी 1973 ला लावणे म्हणजे आजोबांना नातवावर गेल्याचे सांगण्यासारखे आहे.

फुजितांनीच 1974 मध्ये काढलेला उत्तरभाग तर शैलीवादी विवेचनांत सहसा येतच नाही. काळ रूस-जपान युद्धानंतरचा. पकडलेल्या युकीला मृत्युदंड फर्मावला जातो. फाशीपूर्वी गुप्त पोलिसांचा प्रमुख तिला सोडवून आणतो आणि कामगिरी सांगतो. जूझो इतामी यांनी रंगवलेल्या एका अराज्यवाद्याच्या घरी मोलकरीण म्हणून राहायचे, त्याच्याजवळचा दस्तऐवज मिळवायचा आणि त्याला संपवायचे. आईने वसूल केलेल्या मुलीची मागणी आता शासन करते. पहिल्या भागात ज्याच्या भीतीने गावे पेटली होती तो कर युकीकडून याच रूपाने मागितला जातो.